कानावर येईपर्यंत

श्याम पिंगळे हा नियम मोडणाऱ्यांतला माणूस नव्हता. तो नियम वाकवणाऱ्यांतला होता, आणि वाकवला म्हणजे मोडला नाही, एवढं समाधान त्याला पुरत असे. संकष्टीचा उपास सोडताना चंद्र दोह्याचा धरायचा की नाशिकचा, यावर त्याने एकदा बायकोशी तासभर वाद घातला होता. नाशिकचा चंद्र आधी उगवतो, आणि आपलं मूळ गाव नाशिक, तेव्हा तोच खरा, असं ठरवून तो जेवायला बसला. नयनाने कपाळावर हात मारला आणि पोळी वाढली.

चोपन्न वर्षांचा हा गृहस्थ कतारमध्ये एका गॅस प्रकल्पाच्या कंट्रोल रूमचा इंजिनिअर होता. दोह्याच्या अल नस्र भागातल्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं राहत होता. सध्या एकटाच, कारण लेक नुपूर पुण्याला बाळंत झाली होती आणि नयना तिच्याकडे गेली होती. एकटा पुरुष घरात काय करतो? खिचडी लावतो आणि गाणी ऐकतो. श्याम दोन्ही मनापासून करत असे. फक्त त्याची गाणी ऐकून शेजारच्या मल्याळी कुटुंबाला प्रश्न पडे की या माणसाचं नेमकं बिनसलंय काय. श्यामला वेड होतं स्टील गिटारचं, आणि स्टील गिटार आनंदाचं गाणंसुद्धा डोळे पुसत पुसत वाजवते.

हे वेड लावलं त्याच्या सख्ख्या काकांनी, गोविंदरावांनी. श्यामचे वडील पाटबंधारे खात्यात, सारख्या बदल्या. पोराच्या शाळेची आबाळ नको म्हणून पाचवीपासून त्याला नाशिकला काकांकडे ठेवलं. काका दिवसा सरकारी छापखान्यात नोकरी करत आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. बोटाने दाबलेला सूर जागच्या जागी वाजतो. कांडीखालचा सूर मात्र लाडात येत, रेंगाळत, पुढच्या सुरापर्यंत जातो. आपल्याकडे गाणारे जिला मींड म्हणतात, ती या वाद्याच्या अंगातच आहे. काकांनी पुतण्याच्या हातात कांडी दिली, महिनोन् महिने शिकवलं. पोराला वाजवणं काही जमलं नाही. ऐकणं मात्र जन्माचं जमलं.

पुढे इंटरनेट आलं आणि श्यामला या गिटारची अमेरिकेतली थोरली बहीण भेटली. तिथल्या कंट्री संगीतात ही गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी असते, खाली पेडल असतात, गुडघ्याला लागून दांडे असतात. श्याम ती रेकॉर्डिंग शोधून शोधून चुलतभाऊ गुरुप्रसादच्या फोनवर पाठवी आणि गुरुप्रसाद ती आपल्या वडिलांना, म्हणजे काकांना, ऐकवी.

"पायानं सूर वाकवतात?" काका पहिल्यांदा म्हणाले होते. "अरे, मग ती गिटार आहे का शिलाई मशीन?"

पण नंतर त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. दर शुक्रवारी काका-पुतण्याचं फोनवर याच विषयावर बोलणं चाले. काकू गेल्यापासून तर काका त्या फोनची वाटच बघत. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसाशी बोलायला दुसऱ्या कुणाकडे एवढा विषय असतो?

अशात जानेवारीत दोह्यात बातमी आली की फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी समुद्राकाठच्या मोकळ्या मैदानावर कंट्री संगीताचा मोठा जलसा होणार. ही बातमी श्यामला दिली त्याच्या मित्राने, ग्रेगरी तुस्कानोने. ग्रेगरी वसईचा. एका हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला होता आणि बायको सेलीनबरोबर अबू हमूरला राहायचा. लहानपणापासून त्याच्या घरी हीच गाणी वाजत आलेली, त्यामुळे गायकांची नावं त्याला आपल्या मामा-मावश्यांसारखी पाठ. श्यामने गायकांच्या यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने साथीदारांची नावं शोधली. त्यात टेक्सासचा एक म्हातारा स्टील गिटारवाला होता, ज्याची रेकॉर्डिंग ऐकत श्यामचे केस पांढरे झाले होते.

"लोक गाणाऱ्याला बघायला येतात, तू त्याच्या मागे बसणाऱ्याला बघायला येणार," ग्रेगरी म्हणाला. "आमची सेलीन बरोबर बोलते, तुझा एक स्क्रू ढिला आहे."

श्यामने त्याच शुक्रवारी काकांना सांगितलं. काका लहान मुलासारखे खूश झाले. "जाऊन ये. नीट ऐक. मला सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही," असं त्यांनी बजावलं.

आणि जलशाच्या आदल्याच आठवड्यात काका आजारी पडले. छातीत पाणी झालं, हॉस्पिटलात ठेवलं, आणि जलशाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी गुरुप्रसादचा रडवेला फोन आला. "श्यामदादा, बाबा बेशुद्ध आहेत. डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलावून घ्या. तू येतोयस ना?"

आता सांगायला हरकत नाही की श्यामच्या साहेबांनी त्याच दुपारी त्याची रजा मंजूर केली. गुरुवारी संध्याकाळच्या विमानात जागाही होती. श्यामने ती जागा स्क्रीनवर बराच वेळ न्याहाळली. मग शनिवारचं तिकीट काढलं आणि गुरुप्रसादला फोनवर म्हणाला, "रजेचं काम आहे रे, साहेबांची सही शनिवारपर्यंत होईल, शनिवारचंच तिकीट काढलंय. इथलं तुला माहीत आहे." गुरुप्रसादला इथलं काहीच माहीत नव्हतं. तो बिचारा म्हणाला, "बरं, तुला जमेल तसं ये."

फोन ठेवल्यावर श्यामला आपलीच लाज वाटली. काका बेशुद्धच आहेत, आपण एक दिवस आधी गेलो काय आणि नंतर गेलो काय, त्यांना थोडंच कळणार आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. समजूत पटण्यासारखी होती. तरी त्या रात्री त्याला खिचडी गोड लागली नाही.

शुक्रवारी दुपारी तो शर्टाला इस्त्री करत असताना फोन वाजला. स्क्रीनवर गुरुप्रसादचं नाव. श्यामचा हात फोनकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

का थांबला ते कळायला सुतकाचं गणित माहीत हवं. भावकीतलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक. सख्खा काका म्हणजे पुरतं सुतक. त्यात देवाला हात लावायचा नाही, गोडधोड करायचं नाही, आणि गाण्याबजावण्याच्या जागी जाण्याचं तर नावच काढायचं नाही. पण लांब राहणाऱ्या माणसाला सुतक लागतं ते बातमी कळल्यापासून. बातमी कानावर आली की उठायचं, आंघोळ करायची आणि सुतक पाळायला लागायचं. कानावर येईपर्यंत माणूस मोकळा.

ही पळवाट श्यामला खुद्द काकांच्याच घरी कळली होती. ऑर्केस्ट्राच्या एका कार्यक्रमाच्या दिवशी चुलत घराण्यातले कुणी आजोबा वारले आणि निरोप घेऊन एक माणूस थेट मंडपात आला. काकांनी त्याचा चेहरा लांबूनच पाहिला आणि तबलेवाल्याला सांगितलं, "त्याला मिसळ खायला घेऊन जा. चहा पाज. पुन्हा चहा पाज. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्याजवळ येऊ देऊ नकोस." तो माणूस मिसळ खात बसला, काका गिटार वाजवत बसले, आणि शेवटचं गाणं झाल्यावर निरोप ऐकून त्यांनी घरी जाऊन आंघोळ केली. हा किस्सा पिंगळ्यांच्या घरात वर्षानुवर्षं हसून हसून सांगितला जात असे.

फोन वाजून थांबला. श्याम शर्टावर इस्त्री तशीच टेकवून उभा. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग तिसऱ्यांदा. बेशुद्ध माणसाच्या घरून दुपारच्या वेळी लागोपाठ तीन फोन येतात, ते काय हवापाणी विचारायला? मग गुरुप्रसादचा आवाजी मेसेज आला. श्यामला वाटलं, लिहायला हात धजावला नसेल. नयनाचा फोन आला नाही, याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं: बाळंतिणीच्या घरी असला निरोप कोण कळवतं? सगळं जुळलं. काका गेले होते. आणि मेसेज उघडला नाही तोवर श्यामला ते माहीत नव्हतं.

त्याने फोन आवाज बंद करून खिशात टाकला. शर्ट मात्र जळला होता. त्याने दुसरा घातला.

खाली ग्रेगरी गाडी घेऊन आला होता. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, जेवून, तो अगदी टवटवीत होता. मागच्या सीटवर दोन घडीच्या खुर्च्या आणि सेलीनने दिलेला कटलेटचा डबा. "यल्ला, चल लवकर. पार्किंग मिळणार नाही." मग श्यामच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय रे? काका कसे आहेत?"

"तसेच आहेत," श्याम म्हणाला. हे खोटं नव्हतं, कारण त्याला काही कळलेलंच नव्हतं. असं म्हणत तो गाडीत बसला.

मैदान फुललं होतं. फिलिपिनो कुटुंबं सतरंज्या पसरून बसली होती, गोरे लोक बूट चढवून आले होते, आणि काही कतारी तरुणांनी पांढऱ्या पायघोळ थोबवर काऊबॉय टोप्या घातल्या होत्या, त्या त्यांना शोभतही होत्या. एका बाजूला करक चहाच्या गाडीपुढे रांग. फेब्रुवारीतली हवा, समुद्रावरचा वारा. ग्रेगरी मधोमध खुर्च्या मांडायला निघाला तेव्हा श्यामने त्याला ओढत अगदी उजव्या टोकाला नेलं. तिथून गायक अर्धवट दिसत होता. स्टील गिटारवाला पुरा दिसत होता.

म्हातारा आला, कुणाकडे न बघता आपल्या वाद्यामागे बसला, पट्ट्याचं टोक खोचावं तशी सहज डाव्या हातात कांडी घेतली. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीनंतर गायक थांबला आणि स्टील गिटारची एक मींड निघाली. खालून वर, सावकाश, आणि वर पोचल्यावर किंचित थरथरून उभी राहिली. श्यामच्या अंगावर काटा आला. हा सूर प्रत्यक्ष ऐकायला आपण आयुष्यभर थांबलो होतो, आणि थांबल्याचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं.

त्याच क्षणी मांडीवर फोन थरथरला.

खिशातून, कापडाला घासत. श्यामने वरून हात दाबून धरला. थरथर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्याने समोर बघितलं. म्हाताऱ्याचा हात सरकत होता, पाय पेडलवर होता, म्हणजे काहीतरी वाजत असणार. श्यामला मात्र दिसत होतं नाशिक. आता काकांना खाली घेतलं असेल. गुरुप्रसाद एकटा आहे. खांदा द्यायला शेजारचे येतील. पुतण्या कुठे आहे, असं कुणीतरी विचारील. रजेवर सही व्हायचीय त्याच्या, असं गुरुप्रसाद सांगेल.

ग्रेगरीने कोपराने ढोसलं. "बघ बघ, काय वाजवतोय!" श्यामने जोरजोरात मान डोलावली.

कंट्रोल रूममध्ये गजर वाजला की ऑपरेटरने तो स्वीकारायचा असतो. बटण दाबलं की जबाबदारी त्याची. म्हणून काही बहाद्दर बटणच दाबत नाहीत, आपण पाहिलंच नाही असा चेहरा करतात. गेल्याच महिन्यात श्यामने अशा एका पोराला चारचौघांत फैलावर घेतलं होतं. "गजर वाजतोय हे तुला माहीत होतं. न बघितल्याने गळती थांबते का?" त्या पोराचा खाली घातलेला चेहरा त्याला आता आठवला.

फोन पुन्हा थरथरला. आता मात्र त्याने तो खिशातून काढला आणि न बघता पुरता बंद करून टाकला. ग्रेगरीने ते पाहिलं.

"कुणाचा होता?"

"नाशिकचा."

"मग उचल ना! वेडा आहेस का? काकांचं काही असेल."

"काही असेल म्हणूनच," श्याम म्हणाला. ग्रेगरी त्याच्याकडे बघत राहिला. त्याला सुतकाचं काही ठाऊक नव्हतं, पण आजारी माणसाच्या घरून आलेला फोन बंद करतात हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. त्याने कटलेटचा डबा उघडला, पुन्हा बंद केला आणि स्टेजकडे तोंड केलं.

श्यामने त्या मिसळवाल्या किश्श्याचा आधार घ्यायला पाहिला. काकांनी स्वतः हेच केलं होतं की! पण किस्सा या वेळी हसवेना. ते आजोबा काकांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्या मांडीवर बसून काका काही शिकले नव्हते. काका गिटार वाजवत बसले ते एका अनोळखी माणसाच्या सुतकापासून पळून. आणि श्याम पळत होता काकांपासूनच. एवढी साधी गोष्ट त्याला इस्त्री करताना सुचली नव्हती, ती आता पाच हजार माणसांत बसून सुचली.

गाण्यामागून गाणी झाली. टाळ्या पडल्या तेव्हा श्यामनेही वाजवल्या. मग म्हातारा उठला, कमरेवर हात ठेवून पाठ ताठ केली, लोकांना टोपी उचलून दाखवली आणि आत गेला. स्टेजवरून सांगितलं गेलं की मगरिबच्या नमाजसाठी कार्यक्रम थोडा वेळ थांबेल, त्यानंतर दुसरा बँड येईल. दूरच्या मशिदीतून अजान सुरू झाली. मैदानावरचा गलबला खाली बसला. सूर्य समुद्राच्या उलट्या अंगाला, इमारतींमागे बुडाला.

आता पळायला गाणंही उरलं नव्हतं. श्याम उठला, कुंपणापाशी गेला आणि फोन चालू केला. गुरुप्रसादचे आणखी कितीतरी फोन येऊन गेले होते. मेसेज उघडायची त्याची हिंमत झाली नाही. निदान आता तरी बातमी माणसाच्या तोंडून ऐकावी, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो, असं मनाशी म्हणत त्याने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"गुरू," श्यामने घसा खाकरला. असल्या प्रसंगी काढतात तो आवाज त्याने काढला. "गुरू, काका कधी गेले रे?"

पलीकडे कुठेतरी एक यंत्र टिकटिक करत होतं.

"दादा," गुरुप्रसाद अगदी हळू म्हणाला, "स्पीकर चालू आहे."

आणि मग एक बारीक, कोरडा आवाज आला. "कोण? श्याम का?"

श्यामने कुंपणाची जाळी धरली.

"गेलो नाही अजून," काका म्हणाले. "इथेच आहे."

"काका!" श्याम म्हणाला.

"दुपारी शुद्धीवर आले," गुरुप्रसाद सांगायला लागला. त्याचा आवाज आता चढला होता. "डोळे उघडले आणि विचारलं काय, तर आज शुक्रवार का. म्हणाले, श्याम आज त्या गिटारवाल्याला ऐकायला जाणार, त्याला फोन लाव. म्हणावं, बोलू नकोस, नुसता चालू ठेव, मीही ऐकतो. तेव्हापासून कानाचं मशीन लावून बसलेत. सिस्टर दोनदा काढायला आली, काढू देईनात. किती फोन केले तुला! मेसेज टाकला. तू ऐकला नाहीस?"

"नाही."

"आणि तू तर म्हणाला होतास, रजेचं काम आहे."

"गुरू, त्याला बोलू नको," काका म्हणाले. मध्ये दम लागला म्हणून थांबले. "श्याम, तुला वाटलं मी गेलो."

"हो काका."

"म्हणून उचलला नाहीस. सुतक लागेल म्हणून."

इथे श्यामला काहीही सांगता आलं असतं. गर्दी होती, आवाज होता, रेंज नव्हती. त्याच्या तोंडात ते सगळं तयार होतं. "हो," तो म्हणाला.

पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की खोकल्याचा, ते काही कळलं नाही.

"आता वाजतंय का?" काकांनी विचारलं.

"नाही काका. नमाजसाठी थांबलंय. आणि त्याचं वाजवून झालं. आता दुसरे येणार आहेत."

"अच्छा." मग काकांच्या आवाजात जरा उत्साह आला. दर शुक्रवारी यायचा तसाच. "बरं, मग सांग. कसं वाजवलं त्यानं?"

श्यामने त्या म्हाताऱ्याची रेकॉर्डिंग इतकी ऐकली होती की तो डोळे मिटून अर्धा तास सांगू शकला असता. कुठे कांडी थांबली, कुठे सूर वाकला, लोक कसे उभे राहिले. काकांना खरं वाटलं असतं. त्यांची संध्याकाळ तरी गोड झाली असती. एवढं वाकवणं श्यामला सहज जमण्यासारखं होतं, आणि त्यात पुण्यही पदरात पडल्यासारखं दिसलं असतं.

"मी ऐकलंच नाही, काका," तो म्हणाला. "पहिली एक मींड ऐकली. मग तुमचा फोन आला, आणि पुढे मी तिथे नुसता बसून होतो. मला काही आठवत नाही."

"एकही गाणं नाही?"

"नाही."

"अरेरे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर श्यामला सोसला असता. एखादी चांगली वस्तू फुकट गेली की जसं वाईट वाटतं, तसं त्यांना वाईट वाटलं होतं. "दोघांपैकी एकानं तरी ऐकायला हवं होतं रे."

त्यावर श्यामचा बांध फुटला. आजूबाजूला माणसं होती, चहाचे कप घेऊन जाणारी पोरं त्याच्याकडे वळून बघत होती, पण त्याला कुणाची पर्वा राहिली नव्हती. त्याने सगळं सांगून टाकलं. रजा गुरुवारीच मंजूर झाली होती. विमानात जागा होती. आपण ती पाहिली आणि घेतली नाही. तुम्ही बेशुद्ध आहात, तुम्हाला कळणार नाही, असा हिशोब केला. फोन वाजला तेव्हा तुम्ही गेलात असं वाटलं, आणि वाईट वाटायच्या आधी मनात आलं की आजचा कार्यक्रम बुडणार. हे आधी मनात आलं, काका. तुम्ही मला आठ वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलंत, आणि माझ्या मनात हे आधी आलं. मला माफ करा. श्याम फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरून बोलत होता, आणि बोलून संपल्यावर काकांच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला.

"दादा," गुरुप्रसादचा आवाज आला. स्पीकर बंद झाला होता. आवाज आता जवळून येत होता. "बाबांचं कानाचं मशीन काढलं. तू बोलायला लागलास तेव्हाच. सिस्टर कधीची थांबली होती, आणि आता गाणं ऐकायचं उरलं नाही म्हणून तेच म्हणाले, काढ. त्यांना काही ऐकू गेलं नाही."

श्यामने फोन तोंडासमोरून कानाशी नेला.

"मी ऐकलं," गुरुप्रसाद म्हणाला.

स्टेजवर कुणीतरी ड्रमवर दोन ठोके मारून बघितले. लोक आपापल्या जागी परतायला लागले होते, आणि लांबून ग्रेगरी खुणेने विचारत होता, काय झालं म्हणून.

"उद्याचं तिकीट तरी खरं आहे ना, दादा?" गुरुप्रसादने विचारलं.